आधी खोली, मग हेडफोन : गेमिंगच्या हेडफोनविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे घरी व्हिडिओ गेम खेळताना वापरायच्या हेडफोनविषयी आहेत. बहुतेकांनी ‘अमुक रकमेत सर्वांत चांगला कोणता’ एवढेच विचारले आहे. खेळ कशावर खेळला जातो, खोलीत आणखी कोण असते आणि खेळताना बोलावे लागते की नाही, हे फार थोड्यांनी लिहिले आहे. उत्तर मात्र याच तीन गोष्टींवर ठरते, म्हणून ज्या पत्रांत हा तपशील आहे तीच येथे निवडली आहेत.

प्रश्न : मी पुण्यात दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो आणि लॅपटॉपवर मुख्यतः व्हॅलोरंट हा गोळीबाराचा खेळ खेळतो. हेडसेटसाठी पाच हजार रुपयांपर्यंत खर्च करू शकतो. दुकानदार म्हणतो की ७.१ सराउंड आणि ५० मिलिमीटरचे ड्रायव्हर असलेलाच घ्या, त्याशिवाय शत्रू कोणत्या बाजूने येतो हे कळत नाही. हे कितपत खरे आहे? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : आवाजावरून दिशा कळते हे खरे आहे, पण ती कळण्यासाठी ७.१ लागते हे खरे नाही. हा आकडा मुळात खोलीत मांडायच्या स्पीकरांचा आहे. सात स्पीकर ऐकणाऱ्याच्या भोवती आणि एक केवळ खालच्या पट्टीतल्या दणदणीत आवाजासाठी, अशी ती मांडणी असते. कानांवर चढवायच्या हेडसेटमध्ये बहुधा प्रत्येक बाजूला एकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारा छोटा स्पीकर, असतो आणि खोक्यावर ७.१ छापले म्हणून त्यांत भर पडत नाही. आठ वाहिन्यांमधला, म्हणजे आठ स्पीकरांसाठी वेगवेगळा केलेला, आवाज सॉफ्टवेअर दोन वाहिन्यांत बसवते आणि बसवताना आपले कान दिशा कशी ओळखतात याची नक्कल करते.

ही नक्कल कशाची असते, हे समजून घेतले की पुढचा निर्णय सोपा होतो. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानापर्यंत किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांचा असतो, आणि मध्ये डोके आल्यामुळे तो आवाज थोडा दबलेलाही असतो. डावे-उजवे आपल्याला एवढ्यावरून कळते आणि त्यासाठी कोणताही नीट बनवलेला साधा स्टिरिओ हेडफोन पुरेसा आहे. आवाज पुढून आला की मागून, वरच्या मजल्यावरून आला की खालून, हे ठरवण्यासाठी मात्र बाह्यकर्णाच्या वळ्या कामी येतात, कारण त्यांच्यावर आपटून आत जाताना आवाजातले काही स्वर दबतात आणि काही उठतात. हे बदल गणिताने आवाजात मिसळण्याच्या पद्धतीला एचआरटीएफ म्हणतात. व्हॅलोरंटच्या ऑडिओ सेटिंगमध्ये याच नावाचा पर्याय आहे. प्रत्येक पाऊल नकाशावर नेमके कुठे पडले हे खेळाला ठाऊक असते, त्यामुळे हे गणित त्याने केलेले केव्हाही बरे. हेडसेटच्या सॉफ्टवेअरला ती नेमकी जागा मिळत नाही, त्याच्यापर्यंत येतो तो आधीच मिसळलेला आवाज.

म्हणून खेळातला पर्याय चालू करावा, हेडसेटच्या सॉफ्टवेअरमधला सराउंड बंद ठेवावा आणि विंडोजमध्येही आवाज साधा स्टिरिओच राहू द्यावा. दोन्ही एकदम चालू राहिले तर एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते आणि पावलांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमू लागतो. ‘पैसे मोजूनही दिशा कळत नाही’ अशी तक्रार पुष्कळदा यातूनच उद्भवते. ज्या खेळांत स्वतःची अशी सोय नाही त्यांच्यासाठी विंडोज सॉनिक फुकट मिळते. ते आठवडाभर वापरून पाहावे आणि मगच डॉल्बी अॅटमॉससारख्या विकत घ्याव्या लागणाऱ्या सोयीचा विचार करावा. ही सगळी गणिते एका सरासरी कानावर बेतलेली असतात आणि प्रत्येकाच्या कानाची ठेवण वेगळी असते, त्यामुळे तुमच्या मित्राला जे चटकन कळते ते तुम्हाला तसेच कळेल असे नाही.

ड्रायव्हरच्या आकाराला दुकानात फाजील महत्त्व दिले जाते. ४० मिलिमीटरचा ड्रायव्हर ५० मिलिमीटरच्या ड्रायव्हरपेक्षा स्वच्छ वाजू शकतो आणि याच्या उलटही घडू शकते. खोक्यावर ‘४० किलोहर्ट्झपर्यंत’ असे लिहिलेले असेल तर तेही सोडून द्यावे, कारण तरुण आणि निरोगी कानाची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झवर संपते. पाहायचे ते वेगळेच आहे. अनेक गेमिंग हेडसेटमध्ये बेस, म्हणजे खालच्या पट्टीतला आवाज, मुद्दाम वाढवलेला असतो, म्हणजे स्फोट छातीत जाणवतात आणि गिऱ्हाईक दुकानातच खूष होते. पण खालच्या पट्टीतला मोठा आवाज त्याच्या वरच्या पट्टीतले बारीक आवाज झाकून टाकतो. पावलांची खसखस किंवा बंदुकीत गोळ्या भरल्याचा खटका नेमका त्यातच बुडतो. दुकानात जाताना आपल्याच एखाद्या सामन्याचे रेकॉर्डिंग लॅपटॉपमध्ये घेऊन जावे आणि गोळीबार चालू असतानाही पावले ऐकू येतात का, हे तपासावे. पुण्यातल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, काही दुकानदार हेडसेट काढून कानाला लावू देतात. जेथे खोकेही उघडू देत नाहीत तेथून न घेतलेलेच बरे. कानाला लावल्यावर लगेच काढू नये, पंधरा मिनिटे तसाच राहू द्यावा, कारण टाळूवर पडणारा दाब पहिल्या मिनिटाला कळत नाही.

पाच हजारांत तुम्ही वायरचाच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. वायरलेस घेतल्यास बॅटरी, रेडिओ आणि चार्जिंगचे सर्किट यांचा खर्च त्याच पाच हजारांतून निघतो आणि ड्रायव्हरच्या व माइकच्या वाट्याला कमी उरते. खोलीत आणखी दोघे असल्यामुळे कानांवर बसणाऱ्या कपांची मागची बाजू बंद असलेला हेडसेट घ्यावा. रंगीत दिव्यांबद्दल एवढेच सांगतो की ते हेडसेट घालणाऱ्याला दिसत नाहीत.

घेण्यापूर्वी पिन मात्र नीट पाहून घ्यावी. लॅपटॉपला बहुधा हेडफोन आणि माइक दोघांसाठी मिळून एकच भोक असते आणि त्यासाठी लागणाऱ्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात. डेस्कटॉपसाठी केलेल्या काही हेडसेटना हिरवी आणि गुलाबी अशा दोन पिना असतात आणि त्या प्रत्येकीवर दोनच रेघा असतात. तसा हेडसेट पदरी पडला तर दोन पिना एका भोकात आणणारा स्प्लिटर घ्यावा. दोघांनी मिळून गाणी ऐकण्यासाठी मिळणारा स्प्लिटर दिसायला तसाच असतो, पण त्याला लावलेला माइक चालत नाही.

प्रश्न : माझ्याकडे गाणी ऐकण्यासाठी घेतलेला उत्तम वायरचा हेडफोन आहे. त्याच्या कपांना मागून जाळी आहे. मी एकटाच राहतो आणि रात्री संगणकावर मोठमोठे कथानकप्रधान खेळ खेळतो, कधी रविवारी मित्रांबरोबर. गेमिंगसाठी वेगळा हेडसेट घ्यायलाच हवा का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मुळीच नको. जाळीच्या, म्हणजे मागून उघड्या हेडफोनमध्ये आवाज कपात कोंडला जात नाही आणि त्यामुळे तो डोक्याच्या आत वाजण्याऐवजी थोडा बाहेर, आजूबाजूला पसरल्यासारखा वाटतो. मोकळे माळरान, पाऊस, दूरवरची घंटा असे प्रसंग ज्या खेळांत असतात त्यांना हा प्रकार फारच मानवतो, आणि कानही कमी तापतात. त्याचा दोष असा की तुमचा आवाज खोलीभर ऐकू येतो आणि खोलीतला आवाज तुम्हाला. एकट्या माणसाला रात्री दोन्हींचा उपद्रव नाही.

हेडफोनचा इंपीडन्स, म्हणजे विजेला होणारा त्याचा अडथळा, तेवढा पाहून घ्यावा. तो ३२ ओहमच्या आसपास असेल तर मदरबोर्डच्या जॅकवर सहज चालेल. स्टुडिओसाठी केलेले काही हेडफोन २५० ओहमचे असतात. त्यांना साध्या जॅकवर, आणि विशेषतः गेमच्या कंट्रोलरवर, पुरेसा जोर मिळत नाही आणि आवाज शंभरावर नेऊनही मिळमिळीत राहतो. तुमचा तसा असेल तर छोटा यूएसबी डॅक-अॅम्प्लिफायर, म्हणजे आवाजाला जोर देणारे उपकरण, घ्यावा. रविवारच्या गप्पांसाठी टेबलावर ठेवायचा यूएसबी माइक किंवा हेडफोनच्या कपाला चिकटवायचा वेगळा माइक मिळतो. टेबलावरचा माइक असल्यास त्याच्या आणि कीबोर्डच्या मध्ये अंतर ठेवावे, नाहीतर मित्रांना तुमच्या बोलण्यापेक्षा कळांची खडखड जास्त ऐकू येईल.

प्रश्न : आमचे डोंबिवलीत वन बीएचके घर आहे. चौदा वर्षांचा मुलगा रात्री हॉलमध्ये हेडफोन लावून संगणकावर खेळतो आणि बोलताना इतका ओरडतो की सासूबाईंची झोपमोड होते. तो म्हणतो, ‘आई, मी हळूच बोलतोय.’ शिवाय हेडफोनचा आवाज बाहेर ऐकू येण्याइतका मोठा असतो. त्याच्या कानांना इजा होईल का? आवाज कमी केला तर पावले ऐकू येत नाहीत, असे त्याचे म्हणणे. (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : मुलगा खोटे बोलत नाही. बंद कपांच्या हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज नेहमीसारखा कानावर पडत नाही, त्यात भर म्हणून कानाशी गोळीबार चालू असतो, आणि अशा वेळी माणूस नकळत आवाज चढवतो. बोलणाऱ्याला त्याचा स्वतःचा आवाज त्याच्याच हेडफोनमध्ये ऐकवण्याची सोय काही हेडसेटमध्ये असते. तिला साइडटोन म्हणतात. पुढचा हेडसेट घेताना ही सोय आहे का, हे विचारून घ्या. अशा घरात मला ती ७.१ पेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाची वाटते. विंडोजमध्येही स्वतःचा माइक ऐकण्याचा एक पर्याय आहे, पण त्यात आपलेच शब्द थोडे उशिरा ऐकू येतात आणि बोलणारा अडखळतो, म्हणून सोय हेडसेटमध्येच असलेली चांगली. तोपर्यंत एक कान अर्धा उघडा ठेवून खेळायला सांगा. माइकची दांडी ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर आणावी आणि सेटिंगमध्ये माइकची पातळी वाढवावी. मित्रांना पुटपुटलेले स्पष्ट ऐकू येते हे एकदा पटले की निम्मे ओरडणे थांबेल. उरलेले निम्मे सामना हरण्याचे असते आणि त्यावर कोणत्याही कंपनीने अद्याप उपाय काढलेला नाही.

कानांचा प्रश्न अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सुचवली आहे. हे गणित सरळ रेषेत चालत नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. म्हणजे मुलाच्या कानावर ७८ डेसिबल पडत असतील तर आठवड्याला २० तास, ८१ असतील तर १० आणि ८४ असतील तर अवघे ५ तास. रोज दोन तास खेळणारा मुलगा आठवड्यात १४ तास खेळतो, त्यामुळे आवाजाचे बटण दोन घरे पुढे की मागे, याला मोठा अर्थ आहे. बीएमजे पब्लिक हेल्थ या नियतकालिकात जानेवारी २०२४ मध्ये व्हिडिओ गेम आणि श्रवणशक्ती यांवरच्या १४ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. खेळणाऱ्यांच्या कानावर पडणारा आवाज पुष्कळदा सुरक्षित मर्यादेच्या आसपास किंवा तिच्या पलीकडे असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. खेळांत एकसारखा आवाज नसतो. शांततेतून एकदम स्फोट होतो, आणि असे क्षणिक दणके कानांना अधिक त्रासदायक असतात.

पावले ऐकू येत नाहीत ही त्याची तक्रार खरी आहे आणि तिच्यावर उपायही आहे. पावले आणि स्फोट यांच्या आवाजांत फार मोठे अंतर असते, म्हणून पावले ऐकण्यासाठी तो सगळाच आवाज वाढवतो आणि स्फोटाच्या वेळी त्याची किंमत कान मोजतात. हे अंतर कमी करता आले तर एकूण आवाज खाली आणता येतो. अनेक खेळांच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ या नावाचा पर्याय असतो. तेथे सर्वांत लहान रेंज निवडावी. खेळात तशी सोय नसेल तर विंडोजवरील बऱ्याच संगणकांत आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ मिळते, तेही हेच काम करते. खेळातले पार्श्वसंगीत पूर्ण बंद करावे. बेस थोडा उतरवावा. एवढे केल्यावर त्याच्याच समोर बसून एकूण आवाज खाली आणत जा आणि पावले ऐकू येणे थांबेल त्याच्या किंचित वर थांबा. हे काम त्याच्यावर लादण्यापेक्षा त्यालाच करायला द्यावे, कारण यातून त्याचा खेळ सुधारतो हे त्याला लगेच कळेल आणि मग तो स्वतःहून त्या पातळीवर राहील.

खोक्यावर ‘८५ डेसिबलची मर्यादा’ लिहिलेले लहान मुलांचे हेडफोन मिळतात. वरचे गणित पाहिले तर ८५ ही मुलांसाठी दीर्घ काळची सुरक्षित पातळी नाही, हे तुमच्या लक्षात येईल. त्या लेबलवर विसंबून तासांचे बंधन सैल करू नये. खेळ संपल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखे होत असेल, दडे बसल्यासारखे वाटत असेल किंवा टीव्ही मोठा करावा लागत असेल, तर खेळ काही दिवस थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : मोबाइलवर बीजीएमआय खेळताना ब्लूटूथ इअरबडमध्ये गोळीचा आवाज चाप ओढल्यानंतर येतो. माइक चालू केला की सगळा आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. इअरबड महाग आहेत, गाणी सुंदर वाजतात. ते बिघडले आहेत का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : इअरबड ठणठणीत आहेत. तुमच्या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. ब्लूटूथवर आवाज पाठवताना फोन तो आधी दाबून लहान करतो, हवेतून पाठवतो आणि इअरबड तो उलगडून, थोडा साठवून, मग वाजवतात. आवाज दाबण्याच्या नेहमीच्या एसबीसी पद्धतीत यासाठी बहुधा १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. गाण्यात हा उशीर कळत नाही, कारण तुलना करायला काही नसते. चित्रपटात अॅप चित्रच तेवढे उशिरा दाखवून ताळमेळ राखते. खेळात चित्र थांबवून चालत नाही. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकते, तेव्हा २०० मिलिसेकंद म्हणजे डझनभर चित्रे निघून गेल्यावर पोहोचलेला आवाज.

माइकची गोष्ट वेगळी. गाणी ऐकवताना ब्लूटूथ आवाज एकाच दिशेने, स्टिरिओमध्ये आणि बऱ्या दर्जात पाठवते. खेळातले बोलणे चालू झाले की फोन कॉलसाठीची जुनी पद्धत वापरू लागतो. तिच्यात आवाज दोन्ही दिशांना जातो, पण एकाच वाहिनीचा आणि अरुंद पट्टीतला होतो. डावे-उजवे तेथेच संपते. म्हणजे शत्रू कोठे आहे हे सांगायला तुम्ही माइक उघडता आणि त्याच क्षणी तो कोठे आहे हे तुम्हाला कळेनासे होते.

इअरबडच्या अॅपमध्ये ‘गेम मोड’ असल्यास तो चालू करून पाहावा, विलंब बराच कमी होतो, पण माइकचा प्रश्न सुटत नाही. एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीत बोलणे आणि ऐकणे दोन्ही बऱ्या दर्जात चालते, मात्र त्यासाठी फोन आणि इअरबड दोहोंत ती सोय असावी लागते. सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे माइक असलेला वायरचा साधा इअरफोन. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सी पिनेचा घ्यावा किंवा टाइप-सीचा छोटा अॅडॉप्टर वापरावा. खेळताना फोन चार्जिंगला लावायची सवय असल्यास चार्जिंग आणि इअरफोन दोन्ही एकदम घेणारा अॅडॉप्टर मागावा. वायर नकोच असेल तर स्वतःच्या २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलवर, म्हणजे उपकरणात खोचायच्या छोट्या वायरलेस जोडणीवर, चालणारा हेडसेट घ्यावा. त्याचा विलंब खेळात जाणवत नाही आणि डोंगल टाइप-सीचे असेल तर ते अनेक फोनवरही चालते.

प्रश्न : प्लेस्टेशन ५ ला माझा ब्लूटूथ हेडफोन जोडलाच जात नाही. दुसऱ्या सगळ्या उपकरणांना जोडला जातो. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : प्लेस्टेशन ५ हे खेळाचे यंत्र थेट ब्लूटूथवरून कोणत्याही सर्वसाधारण हेडफोनला आवाज देत नाही. एक्सबॉक्सचेही तसेच आहे, त्याची स्वतःची वायरलेस पद्धत आहे. निन्टेंडो स्विचला सप्टेंबर २०२१ मधल्या अपडेटनंतर ब्लूटूथ हेडफोन चालू लागले, पण ब्लूटूथचा माइक तेथेही चालत नाही. तुमच्यापुढे दोन चांगले मार्ग आहेत. तुमच्या हेडफोनला वायर जोडता येत असेल तर ती कंट्रोलरच्या खालच्या बाजूच्या ३.५ मिलिमीटर जॅकमध्ये लावा आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘सर्व आवाज हेडफोनवर’ असा पर्याय निवडलेला आहे ना ते पाहा, नाहीतर केवळ मित्रांचे बोलणे ऐकू येते आणि लोकांना जॅक बिघडल्याची शंका येते. दुसरा मार्ग म्हणजे यूएसबी डोंगल असलेला वायरलेस हेडसेट. मात्र खोक्यावर प्लेस्टेशनचा उल्लेख असल्याची खात्री करून घ्यावी, कारण एक्सबॉक्ससाठी केलेले डोंगल सर्वत्र चालतेच असे नाही. हेडफोन टीव्हीच्या ब्लूटूथला जोडण्याची युक्ती काही जण सांगतात. तिच्यात आवाज येतो, पण उशिरा येतो.

प्रश्न : दोन पावसाळ्यांत माझ्या हेडसेटच्या गाद्यांचे काळे पापुद्रे निघू लागले. ते कानाला आणि मानेला चिकटतात. मला जाड काड्यांचा चष्माही आहे आणि तासाभरात कानशिले दुखतात. यापेक्षा टिकाऊ काय घ्यावे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : गाद्यांवरचे ते काळे कातडे बहुधा चामड्याचे नसून कापडावर चढवलेल्या पॉलियुरेथेनच्या थराचे असते. दमट हवा आणि घाम यांनी तो थर हळूहळू विघटित होतो आणि सुटू लागतो. कोकणात, आणि मुंबईतही, हे लवकर घडते. हेडसेट कपाटात ठेवून दिला तरी ते टळत नाही, उलट बंद, दमट कपाटात त्याला मदतच होते. तुमचा हेडसेट नीट वाजत असेल तर नवा घेऊ नका. बऱ्याच मॉडेलच्या गाद्या कडेने ओढून काढता येतात आणि त्याच मापाच्या कापडी किंवा मखमली गाद्या वेगळ्या मिळतात. त्या बसवल्यावर बेस थोडा कमी होईल, कारण कापडातून हवा निसटते. पावले ऐकण्याच्या दृष्टीने ते नुकसान नव्हे. पुढच्या वेळी खरेदी करताना गाद्या बदलता येतात का आणि त्या वेगळ्या मिळतात का, हे दुकानदाराला आधी विचारावे. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्या मालाचे आयुष्य गाद्यांएवढेच समजावे.

चष्म्याची अडचण दोन प्रकारची असते. काडी गादीखाली दबल्यामुळे कानशिल दुखते, आणि काडीच्या शेजारी राहिलेल्या फटीतून बाहेरचा आवाज आत येतो. मऊ, जाड आणि कापडी गादी दोन्हींवर उपयोगी पडते. हेडसेटची पकड फारच घट्ट असेल आणि पट्टी धातूची असेल, तर डोक्यापेक्षा किंचित रुंद अशा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर तो रात्रभर ताणून ठेवावा. सबंध प्लास्टिकच्या पट्टीवर हा प्रयोग करू नये, ती तुटते. वजन ३०० ग्रॅमच्या आत असावे. खेळाच्या वेळेसाठी बारीक काड्यांचा जुना चष्मा वेगळा काढून ठेवणारेही मी पाहिले आहेत आणि मला ती कल्पना पसंत आहे.

प्रश्न : हेडसेट लॅपटॉपला लावला की सतत बारीक गुणगुण ऐकू येते. मित्रांनाही माझ्या माइकमधून ती ऐकू जाते. हेडसेट बदलून आणला, तरी तेच. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : दुसऱ्या हेडसेटलाही तेच होते म्हटल्यावर दोष हेडसेटमध्ये नाही. गुणगुण चालू असताना लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. ती तत्क्षणी थांबली तर कारण चार्जर आणि घरातले अर्थिंग यांच्यात आहे. दोन पिनांच्या चार्जरवर, किंवा अर्थिंग नसलेल्या तीन पिनांच्या सॉकेटवर, लॅपटॉपच्या धातूच्या भागावर थोडासा विद्युतभार राहतो. हाताला झिणझिण्या जाणवतात त्या त्याच्याच, आणि माइकच्या वायरमध्ये तोच गुणगुण होऊन शिरतो. लॅपटॉप मूळ तीन पिनांच्या चार्जरवर चालवावा आणि इलेक्ट्रिशियनकडून त्या सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे. हे काम स्वतः उघडून करू नये. एक्स्टेंशन बोर्ड वापरत असाल तर त्याची वायर खरोखर तीन तारांची आहे का, तेही त्यालाच पाहायला सांगावे, कारण तीन भोकांच्या काही बोर्डांत आत दोनच तारा निघतात.

चार्जर काढूनही आवाज राहत असेल आणि माउस हलवला किंवा खेळ सुरू केला की त्याचा सूर बदलत असेल, तर लॅपटॉपच्या आतल्या सर्किटचा गोंगाट जॅकमध्ये शिरतो आहे. अशा वेळी यूएसबीला लावायचे छोटे साउंड कार्ड घ्यावे. ते स्वस्तात मिळते आणि त्याच्यामुळे जॅकचा संबंधच सुटतो. घेताना त्यावर माइक आणि हेडफोन मिळून एकच भोक आहे की दोन, हे आपल्या पिनेशी ताडून पाहावे. भाड्याच्या घरात अर्थिंग करून घेणे शक्य नसेल, तर तुमच्यासाठी डोंगलवर चालणारा वायरलेस हेडसेट हाच सोयीचा, कारण तेथे हेडसेट आणि लॅपटॉप यांच्यात तारच उरत नाही.